तात्पुरतं म्हणजे किती दिवस?

मराठीत 'पिशवी काढली' म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं गर्भाशय काढलं. त्यामुळे मामीने शेजारच्या काकूंना 'यांना पिशवी लावलीय' असं सांगितलं, तेव्हा त्या बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग मामीने आवाज खाली आणून, पदर तोंडाशी धरून, 'शीची' असा एक शब्द उच्चारला आणि विषय तिथेच संपला. पुढचे तेरा महिने त्या घरात हा विषय असाच एका शब्दात संपत राहिला. डॉक्टरांनी सांगितले होते तीन महिने.

या तीन आणि तेरा यांच्यामधल्या दहा महिन्यांबद्दल मला भांडायचं आहे.

आधी पिशवी कशाला लावतात ते सांगतो, कारण तिच्याशी माझं भांडण नाही. मामांना गुदाशयाचा कॅन्सर होता, गुदद्वारापासून पाच सेंटिमीटर वर. पूर्वी इतक्या खालच्या गाठीला एकच उत्तर असे: गुदद्वारासकट सगळं काढायचं आणि पोटावर कायमची वाट करायची. १९८२ साली इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या बिल हील्ड या सर्जनने गुदाशयाभोवतीचं चरबीचं आवरण अखंड ठेवून गाठ कशी काढायची हे मांडलं. त्या पद्धतीने आणि स्टेपलरने मिळून चित्र पालटलं. गाठ काढून वरचं आतडं खालच्या उरलेल्या तुकड्याला जोडता येऊ लागलं. पण जोड जितका खाली, तितकी तो गळण्याची भीती जास्त. गळला तर पोटात विष्ठा, पू, पुन्हा ऑपरेशन, कधीकधी मृत्यू. म्हणून जोड भरून येईपर्यंत लहान आतड्याचा एक वेढा पोटाच्या उजव्या बाजूने बाहेर काढतात, त्याला पिशवी लावतात, आणि मैला जोडापर्यंत पोचूच देत नाहीत. रस्त्याचं काम चालू असताना वाहतूक वळवतात तसं. स्वीडनमध्ये २३४ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निकाल २००७ साली आले. पिशवी न लावलेल्यांपैकी २८ टक्के लोकांचा जोड त्रास होण्याइतका गळला, लावलेल्यांपैकी १०.३ टक्के लोकांचा. एवढा फरक असल्यावर पिशवी नको म्हणणारा माणूस मूर्ख म्हणायचा. मामांनीही नको म्हटलं नाही. 'काका, तात्पुरती आहे, तीन महिन्यांत निघेल,' असं तरुण डॉक्टर म्हणाले आणि मामांनी सही केली.

'तात्पुरती' या शब्दावर सही केली, असं म्हणायला हवं. आपण या शब्दाला चांगलं ओळखतो. मुंबईत म्हाडाच्या संक्रमण शिबिरांत तात्पुरते राहायला गेलेल्यांची नातवंडं तिथेच शाळेत गेली. तात्पुरत्याला तारीख नसते, ही त्याची खोड आहे. मामांच्या डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या गोळ्यागणिक वेळा होत्या, टाके कधी काढायचे ते होतं, पुढच्या तपासणीचा वार होता. पिशवीपुढे लिहिलं होतं, 'रिव्हर्सल नंतर'. नंतर म्हणजे कशानंतर, ते लिहिलेलं नव्हतं.

तर ऑपरेशन झालं नोव्हेंबरात. जानेवारीत किमो सुरू झाली, दर एकवीस दिवसांनी एक अशा आठ फेऱ्या. 'किमो संपू दे, मग बघू.' एप्रिलमध्ये मामा आजारी पडले (त्याबद्दल पुढे), म्हणून दोन फेऱ्या लांबल्या. किमो ऑगस्टमध्ये संपली. मग स्कॅन हवा, तो होऊन रिपोर्ट यायला सप्टेंबर. मग गुदद्वारातून औषध सोडून जोडाचा एक्स-रे काढायचा, त्याची तारीख ऑक्टोबरात. जोड उत्तम होता. मग ऑपरेशनची तारीख मिळाली, ती दिवाळीमुळे पुढे गेली. मग हिमोग्लोबिन कमी निघालं. डिसेंबरात पिशवी बंद झाली. यातलं एकही कारण खोटं नव्हतं, आणि कुणी उर्मटपणाही केला नाही. प्रत्येक वेळी समोरच्या माणसाने त्याच्या वाटणीचं काम नीट केलं आणि मामांना पुढच्या खिडकीकडे पाठवलं. मला राग येतो तो याचाच. खलनायक असता तर तक्रार करता आली असती.

मधल्या काळात काय होतं? लहान आतड्यातून बाहेर पडणारा मैला पातळ असतो आणि त्यात पाचकरस असतात. पिशवीच्या चकतीखाली थोडासा जरी झिरपला तरी कातडी भाजल्यासारखी सोलवटते. सोलवटलेल्या ओल्या कातडीवर चकती चिकटत नाही, म्हणून अजून झिरपतो. चकती दर तीन-चार दिवसांनी बदलायची आणि एकेक चकती-पिशवी काहीशे रुपयांची. सोलापुरात ती हवी तेव्हा मिळत नाही, म्हणून मुंबईहून मागवायची. मामा चादरींच्या कारखान्यात हिशेब लिहीत. मालकाने कामावर या म्हटलं होतं. पण टेबलाशी बसल्यावर पिशवीत हवा भरून आवाज होतो आणि तो आपल्याला आवरता येत नाही. आठवडाभर जाऊन त्यांनी काम सोडलं. सिद्धेश्वर एक्सप्रेसने तपासणीला येताना आदल्या दुपारपासून ते जेवत नसत, म्हणजे रात्री गाडीच्या संडासात, हलत्या डब्यात, एका हाताने दांडी धरून पिशवी रिकामी करायची वेळ येऊ नये. त्यात किमोच्या औषधाने बोटांना मुंग्या आलेल्या. ती चिमूटभर क्लिप त्यांना बोटांनी जाणवायचीच नाही. मामी लावून द्यायची. अडतीस वर्षांच्या संसारात मामांनी मामीकडून पाण्याचा तांब्यासुद्धा हक्काने मागितलेला मी पाहिलेला आहे. क्लिप लावून घेताना मात्र ते भिंतीकडे बघत.

पण हे सगळं सोसण्यातलं झालं. एप्रिलमध्ये जे झालं ते निराळं.

मोठ्या आतड्याचं एक मुख्य काम म्हणजे पाणी आणि मीठ शोषून घेणं. वाट वरच्या वर वळवली की रोज लिटरभराच्या आसपास पाणी आणि त्यातलं मीठ पिशवीत जातं, आणि पोट बिघडलं की त्याच्या दुप्पट. सोलापूरचा एप्रिल, पारा बेचाळीसच्या पुढे. मामांना सांगितलं होतं 'पाणी भरपूर प्या', आणि ते आज्ञाधारकपणे तांब्यामागून तांब्या रिचवत होते. या रुग्णाला नुसतं साधं पाणी ढोसायला लावणं हाच घात आहे, हे मला नंतर कळलं. साधं पाणी लहान आतड्यातलं मीठ ओढून घेतं, मीठ घेऊन बाहेर पडतं, आणि जितकं जास्त प्यावं तितकी पिशवी जास्त भरते. हवं असतं मीठ-साखरेचं ठरल्या प्रमाणातलं पाणी, म्हणजे ओआरएस, आणि साध्या पाण्यावर मर्यादा. गरज पडल्यास मैला घट्ट करणारी गोळी. हे समजावून सांगायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं मामांच्या वाट्याला आली नाहीत. पायात गोळे, मग चक्कर, मग दिवसभर लघवी नाही. क्रिएटिनिन चौपट झालं होतं. सहा दिवस सलाइन. कॅन्सरने नव्हे, तात्पुरत्या पिशवीने त्यांना आयसीयूत नेलं होतं. आणि ती तिथवर जिच्यासाठी थांबली होती ती किमोच त्यामुळे महिनाभर लांबली. हा विनोद मामांना नंतर मीच समजावून सांगितला. ते हसले नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, मग दोन आठवड्यांत बंद करून टाकायची ना पिशवी. इथे मात्र सावध राहायला हवं, कारण अर्ध्या माहितीवर सर्जनशी भांडणारे नातेवाईक हाही एक आजारच आहे.

फ्रान्समध्ये १८६ रुग्णांची चाचणी झाली, तिचे निकाल २००८ साली आले. काहींची पिशवी आठव्या दिवशी बंद केली, काहींची साठाव्या दिवशी. एकूण गुंतागुंत दोन्हीकडे सारखीच होती. लवकर बंद केलेल्यांत जखमेचे त्रास जास्त, उशिरा केलेल्यांत आतडं अडकण्याचे जास्त. मग डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये 'ईझी' नावाची चाचणी झाली. आठ ते तेरा दिवसांत पिशवी बंद केलेले आणि बारा आठवडे थांबलेले असे दोन गट. २०१७ साली छापून आलेल्या निकालात वर्षभरातल्या गुंतागुंतींची सरासरी लवकरच्या गटात माणशी १.२ आणि उशिराच्या गटात २.९ होती. हे वाचून मी टाळ्या पिटायच्या बेतात होतो. पण या चाचणीत घेतलेले लोक निवडलेले होते. ज्यांची ऑपरेशननंतरची वाटचाल सरळ होती आणि तपासणीत ज्यांचा जोड निर्दोष दिसला तेवढेच. आणि २०२१ साली स्वित्झर्लंडमधून उलटी बातमी आली. तिथे दोन आठवडे विरुद्ध बारा आठवडे अशी चाचणी लावली होती आणि ती मध्येच थांबवावी लागली, कारण लवकरच्या गटात जोड गळण्याचं प्रमाण चिंता वाटावी इतकं होतं. म्हणजे दोन आठवडे हा सरसकट सगळ्यांना लावायचा नियम नाही. ज्यांना रेडिएशन दिलेलं आहे, ज्यांची साखर वाढलेली आहे, ज्यांना एकदा ताप येऊन गेला आहे, त्यांच्या बाबतीत सर्जन थांबा म्हणाला तर थांबावं.

पण या चाचण्यांमध्ये 'उशिरा' म्हणजे किती होतं ते पाहा. फ्रान्समध्ये साठ दिवस. बाकी दोन्हीकडे बारा आठवडे. जगातले सर्जन ज्या दोन टोकांमध्ये वाद घालताहेत त्यातलं उशिराचं टोक तीन महिन्यांवर आहे. मामांचे तेरा महिने या वादात कुठल्याच बाजूला बसत नाहीत. कुणीही शास्त्रज्ञ त्यांची वकिली करत नाही. ते कुठल्याही पुराव्यावरून ठरलेले नाहीत, ते साचलेले आहेत. गटार साचतं तसे.

आणि साचण्याची किंमत पिशवी निघाल्यावरही चुकवावी लागते. वळवलेल्या रस्त्याच्या पुढचं आतडं रिकामं पडून राहतं. त्याच्या आतल्या थराचं पोषण मैल्यातले जिवाणू जी आम्लं तयार करतात त्यांच्यावर चालतं. ती बंद झाली की तो थर सुजतो, त्यातून आव आणि रक्त येतं. गुदद्वाराच्या स्नायूंना काही काम उरत नाही. गुदाशय कापल्यावर मुळातच अनेकांना पुढे त्रास होतो: दिवसातून आठ-दहा वेळा जावं लागणं, एकदा जाऊन आल्यावर पंधरा मिनिटांत पुन्हा, घाई, कपडे खराब होणं. याला नाव आहे, आणि २०१२ साली डेन्मार्कमध्ये तयार झालेली पाच प्रश्नांची मोजपट्टीही आहे. पिशवी जितकी जास्त काळ राहते तितका हा त्रास वाढण्याकडे कल असतो, असं एकामागून एक अभ्यासांत दिसलेलं आहे. म्हणजे आपण नुसती वाट बघत नसतो. वाट बघता बघता खालचं आतडं बिघडवत असतो.

'किमो संपू दे' हे वाक्य सगळ्यात वजनदार, म्हणून त्याच्याशी नीट बोलू. त्यामागचा विचार असा: मध्येच पिशवी बंद करायला गेलो, काही गडबड झाली, तर किमो अडकेल; आणि किमो उशिरा सुरू झाली तर तिचा उपयोग घटतो. विचार बरोबर आहे. पिशवी बंद करण्याचं ऑपरेशन 'छोटं' म्हणतात, पण सहा हजारांवर रुग्णांच्या एका एकत्रित पाहणीत १७ टक्के लोकांना काही ना काही गुंतागुंत झाली होती. पण तराजूच्या दुसऱ्या पारड्यातही काहीतरी ठेवा. मामांच्या किमोला पिशवीनेच ब्रेक लावला, हे वर सांगितलंच. शिवाय ज्यांना आधीच रेडिएशन आणि किमो देऊन मग ऑपरेशन केलं, त्यांना ऑपरेशननंतर पुन्हा किमो दिल्याने आयुष्य वाढतं का, हाच प्रश्न अजून वादाचा आहे. २०१५ साली युरोपातल्या चाचण्यांची आकडेवारी एकत्र करून पाहिली तेव्हा अशा रुग्णांत एकंदरीत फायदा दिसला नव्हता. (याचा अर्थ कुणी किमो सोडून द्यावी असा नाही. गाठीच्या रिपोर्टवर, कुठलं औषध आहे त्यावर पुष्कळ अवलंबून असतं, आणि ते तुमच्या डॉक्टरांनाच कळतं.) मुद्दा एवढाच, की एका बाजूला खात्रीचा तोटा आणि दुसऱ्या बाजूला अंदाजाचा फायदा असेल, तर तो व्यवहार रुग्णासमोर मांडायला हवा. किमोच्या आधी बंद करता येईल का? दोन फेऱ्यांच्या मध्ये? अनेक ठिकाणी आता सगळी किमो ऑपरेशनच्या आधीच देतात. तिथे तर 'किमो संपू दे' म्हणायची सोयच उरत नाही. मामांना यातला एकही पर्याय सांगितला गेला नाही. नाकारला गेला असं नाही, उच्चारलाच गेला नाही.

आणि किमो संपल्यानंतरचे चार महिने? ते कशाचे होते?

ते रांगेचे होते. कॅन्सरच्या मोठ्या सरकारी आणि धर्मादाय रुग्णालयांत ऑपरेशन थिएटरच्या यादीवर ज्याच्या पोटात आज गाठ आहे तो वर असतो आणि ज्याच्या पोटावर पिशवी आहे तो खाली. असायलाही हवा तसा. मामांना उचलून कुणा गाठवाल्याच्या पुढे ठेवा असं मी म्हणणार नाही. पण मग ती यादी एकच का आहे? वेढा बंद करणं हे कॅन्सरचं ऑपरेशन नाही. तासाभराचं काम आहे. जिल्ह्याच्या गावी मेडिकल कॉलेज आहे, तिथे सर्जरी विभाग आहे, आतडं जोडणं हे त्यांचं रोजचं काम आहे. मुंबईच्या रुग्णालयाने जोड तपासून 'बंद करायला हरकत नाही' असं चार ओळींचं पत्र दिलं, गडबड झाली तर कुणाला फोन करायचा तो नंबर दिला, तर सोलापूरचा माणूस सोलापुरात मोकळा होऊ शकतो. हे होत नाही, कारण तिथले म्हणतात, 'ज्यांनी लावली त्यांच्याकडेच काढा', आणि दुसऱ्याच्या कामात हात घातल्यावर काही बिघडलं तर आळ आपल्यावर येईल ही भीती. भीती खरी आहे. पण तिचं भाडं मामा भरताहेत.

दुसरं असं, की आपल्याकडे बिल ऑपरेशनचं निघतं, अंतराचं नाही. योजनेच्या कागदावर एक शस्त्रक्रिया पूर्ण झाली, महिन्यांनी दुसरी पूर्ण झाली. मधलं वर्ष कुठल्याच रकान्यात नाही. ब्रिटनमध्ये आतड्याच्या कॅन्सरचं राष्ट्रीय ऑडिट हे अंतर मोजतं आणि रुग्णालयांच्या नावानिशी छापतं. तिथेही चित्र फार गोंडस नाही: अठरा महिन्यांनंतरही साधारण एक तृतीयांश लोकांची तात्पुरती पिशवी पोटावरच असते. पण निदान ते छापतात. आकडा छापला की कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं.

आणि एक गोष्ट ऑपरेशनच्या आधी सांगायला हवी, जी कुणी सांगत नाही, कारण ती वाईट आहे. नेदरलँड्समधल्या एका मोठ्या चाचणीतल्या रुग्णांचा पुढे माग काढला, तेव्हा तात्पुरत्या म्हणून केलेल्या वाटांपैकी १९ टक्के कधीच बंद झाल्या नव्हत्या. जोड गळला, कॅन्सर परत आला, वय झालं, किंवा रुग्णच नको म्हणाला. मामांच्या शेजारच्या खाटेवर कर्नाटकातले एक गृहस्थ होते, त्यांचं तसंच झालं. त्यांना खरं काय दुखलं असेल तर ते पिशवी राहिल्याचं नव्हे. 'पुढच्या वेळी बघू' हे वाक्य दीड वर्ष ऐकत राहिल्याचं दुखलं. कायमची आहे हे कळलं असतं तर त्यांनी शेतातल्या घरात कमोड बसवला असता, मुलाच्या लग्नाला गेले असते. ते थांबून राहिले. पिशवी घेऊन नोकरी करणारे, पोहणारे, संसार करणारे लोक भरपूर आहेत. मुंबईत त्यांची संघटना आहे. कायमच्या पिशवीशी जुळवून घेता येतं. तात्पुरतीशी कुणी जुळवून घेत नाही, कारण ती उद्या निघणार असते.

मला हवंय ते फार नाही. डिस्चार्ज कार्डावर 'रिव्हर्सल नंतर'च्या जागी एक तारीख लिहा: या दिवशी जोडाची तपासणी होईल. सहाव्या-आठव्या आठवड्यातली असू दे. तिच्याखाली दुसरी: या दिवशी सर्जन आणि किमोचे डॉक्टर मिळून काय ते ठरवतील आणि रुग्णाला कारणासह सांगतील. आणि एका माणसाचं नाव, ज्याला फोन करायचा. एका सर्जनशी मी हे बोललो तेव्हा ते म्हणाले, तारीख लिहून दिली आणि पाळता आली नाही तर नातेवाईक भांडायला येतात. येतील ना. आम्ही तेव्हा भांडलो असतो तर बरं झालं असतं. 'नंतर'शी कसं भांडायचं ते आम्हाला कळलं नाही.

मामांची पिशवी निघून आता सात महिने झाले. पोटावर रुपयाएवढा वण आहे. दिवसातून नऊ वेळा जावं लागतं, रात्री दोनदा. एसटीत बसायच्या आधी ते विचारतात, पुढचा थांबा किती वेळाने. ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम असतात आणि ते शिकवणारे फिजिओथेरपिस्ट असतात, हे आम्हाला गेल्या महिन्यात कळलं. तेही दुसऱ्या एका रुग्णाच्या मुलीकडून, बाकावर बसल्या बसल्या. मंगळवारची वेळ मिळाली आहे. यावेळी मामांनी ती स्वतः वहीत लिहून घेतली. वार, तारीख, मजला आणि बाईंचं नाव.